जुळ्याचा हिशेब : टेस्ट ट्यूब उपचारात भ्रूण किती सोडावेत?



गेल्या महिन्यात मेढ्यात वस्तीतील महिलांची आरोग्य बैठक झाली. बैठक उठल्यावर एक ताई सासूबाईंसह आमच्यापाशी थांबल्या. लग्नाला नऊ वर्षे झालेली, टेस्ट ट्यूबचा उपचार सुरू. ताईंनी विचारले, "सिस्टर, दोन सोडायला सांगू की तीन?" सासूबाई म्हणाल्या, "दागिने मोडून पैसा उभा केलाय. एकाच खर्चात जुळं झालं तर बरंच की!"

हा हिशेब आपल्या अनेक घरांत होतो. एका खेपेला लाखाच्या वर खर्च येतो, तेव्हा असे वाटणारच. पण प्रसूती कक्षात काम करताना या हिशेबाची दुसरी बाजू आम्ही पाहिली आहे.

या उपचारात इंजेक्शने देऊन स्त्रीबीजे वाढवतात, ती बाहेर काढून प्रयोगशाळेत पुरुषबीजाशी त्यांचा संयोग करतात. त्यातून तयार झालेले भ्रूण तीन ते पाच दिवसांनी गर्भाशयात सोडतात. उरलेले चांगले भ्रूण गोठवून ठेवता येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचाराने ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशी मुलगी जन्मली. त्या काळात यश कमी मिळे, म्हणून एका वेळी अनेक भ्रूण सोडत. आता तंत्र सुधारले आहे.

दोन भ्रूण सोडले म्हणजे बाळाची शक्यता दुप्पट होते का? नाही. चांगले भ्रूण मिळालेल्या, ३६ वर्षांखालील ६६१ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना एकदम दोन भ्रूण दिले. बाकीच्यांना एक, आणि बाळ न झाल्यास नंतर गोठवलेला एक. पहिल्या गटात शंभरातील ४३ जणींना बाळ झाले, दुसऱ्यात ३९ जणींना. पण बाळंत झालेल्यांत जुळी पहिल्या गटात शंभरात ३३, दुसऱ्यात जेमतेम एक.

जुळ्यात आईचे रक्त कमी होणे, बीपी व साखर वाढणे, सिझेरियन आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव यांचा धोका वाढतो. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. तिळी साधारण ३२ आठवड्यांच्या सुमारास. अशा बाळांना अनेकदा काचेच्या पेटीत ठेवावे लागते. मग मेढ्याहून साताऱ्याला रोजच्या खेपा, बापाची बुडालेली मजुरी, टाके घातलेली आई एकीकडे आणि बाळे दुसरीकडे. वाचवलेला पैसा तिथे जातो. कधी बाळही हाती लागत नाही.

वय जास्त असेल, आधीच्या खेपा फसल्या असतील किंवा भ्रूण कमजोर असतील, तर डॉक्टर दोन सुचवू शकतात. तसे कारण त्यांनी समजावून सांगावे. पण तरुण आई आणि चांगला भ्रूण असेल, तर एका वेळी एकच सोडणे शहाणपणाचे.

२०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी हवी. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका आधी समजावणे केंद्राला बंधनकारक आहे. लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका. समजत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. आणि हे विचारा :

१. माझ्या वयात एकच भ्रूण सोडला तर बाळाची शक्यता किती?
२. दोन सोडायचे असतील, तर का?
३. उरलेले भ्रूण गोठवाल का? पुढच्या खेपेचा खर्च किती?
४. कमी दिवसांचे बाळ झाले, तर त्याला कुठे ठेवणार?

ताईंनी हे चारही प्रश्न वहीत उतरवून घेतले. निघताना सासूबाईंनी पाचवा सांगितला, "गोठवून ठेवायचं वर्षाचं भाडं किती, तेही लिही गं."