वांग्यावरील तांबडा कोळी

उन्हाळ्यांत वांगीं व भेंडी यांच्या पानांवर फिकट ठिपके पडून पानें पिवळीं दिसूं लागलीं, म्हणजे पुष्कळ बागाईतदार पाण्याची तूट समजून पाट सोडतात. परंतु कारण बहुधा निराळेंच असतें. पान उलटून पाहावें. शिरांजवळ बारीक जाळें व त्यांत तांबूस कण दिसल्यास तो कोळी होय. संशय राहिल्यास पान पांढऱ्या कागदावर झटकावें. कण चालूं लागतील. हा कीटक नव्हे, पूर्ण वाढलेल्या कोळ्यास आठ पाय असतात. कडक उन्हाळ्यांत आठदहा दिवसांत नवी पिढी तयार होते, म्हणून आठवड्याचा विलंबही पीक घालवितो.

प्रथम फार बाधलेलीं पानें तोडून जाळावीं, बांधावरील तण काढावें व पानांच्या खालच्या अंगास पाण्याचा जोराचा फवारा मारावा. तेवढ्यानें न भागल्यास पाण्यांत मिसळणारें ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यास २५ ग्रॅम घेऊन सकाळीं अगर सायंकाळीं फवारावें. भर उन्हांत फवारल्यास पानें करपतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीचीं औषधें टाळावीं. त्यांनीं कोळ्यास खाणारे मित्रकीटक मरतात व कोळी उलट माजतो. पुडक्यावरील सूचना व तोडणीपूर्वीची मुदत कटाक्षानें पाळावी.