डिंकाचा फोटो, कॉम्प्युटरची निगेटिव्ह

आर्वीत लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या माझ्यासारख्याला बायक्रोमेट नवं नाही. स्क्रीनच्या थरात हे नारिंगी रसायन मिसळायचं, वर ट्रेसिंगची पॉझिटिव्ह ठेवायची आणि प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तिथला थर पक्का होतो, बाकीचा पाण्यानं धुऊन जातो. गम प्रिंट, म्हणजे डिंकाचा फोटो, याच गुणावर चालते. फक्त बायक्रोमेटसोबत डिंकाचं पाणी आणि जलरंग असतो, आणि थर कागदावर बसतो. इंग्लंडच्या जॉन पाउन्सीनं असे फोटो 1858 साली लोकांना दाखवले होते.

या पद्धतीत निगेटिव्ह थेट कागदाला चिकटून राहते. म्हणून फोटो जेवढा, निगेटिव्हही तेवढीच लागते. पूर्वी त्यासाठी मोठा कॅमेरा किंवा डार्करूम हवी असायची. आज इंकजेट प्रिंटर आणि पारदर्शक फिल्म पुरते. फोटो कृष्णधवल करून इन्व्हर्ट करायचा, मग आरशातल्यासारखा उलटवायचा. त्यामुळे शाईची बाजू कागदाला टेकते आणि चित्र सुलट उमटतं. शाई वर राहिली तर फिल्मच्या जाडीतून प्रकाश पसरतो नि रेषा भुरकट होतात. शाई कोणत्या बाजूला धरते ते कळत नसेल, तर कोपऱ्याला ओलं बोट लावा. चिकटेल ती बाजू.

खरी मेख पुढेच. पत्रिकेला काळं आणि पांढरं एवढंच पुरतं. चेहऱ्याला मधल्या छटा लागतात, आणि डिंकाचा एक थर त्या मोजक्याच पेलतो. त्यात डोळ्यांना गडद दिसणारी शाई अतिनील किरण तेवढेच अडवेल, याची खात्री नसते. म्हणून आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत घरं असलेली पट्टी फिल्मवर काढून तिची गम प्रिंट घ्यावी. कोणती घरं एकमेकांत मिसळली, कोणती धुऊन गेली, हे पाहून सॉफ्टवेअरमधला कर्व्ह बदलायचा. तरीही छटा कमी पडल्या, तर त्याच कागदावर दुसरा थर द्यायचा: फिका रंग जास्त वेळ उन्हात, गडद रंग कमी वेळ. थर जुळावेत म्हणून कागद आधीच गरम पाण्यात भिजवून आटवून घ्यावा आणि निगेटिव्हच्या कोपऱ्यांवर खुणा ठेवाव्यात.

रंगीत फोटोसाठी लाल, हिरव्या, निळ्या चॅनलच्या तीन निगेटिव्ह निघतात. त्या अनुक्रमे निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगात छापायच्या. रंग वेगळे काढण्याचं हेच तत्त्व तीनरंगी छपाईत असतं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छपाईच्या कामासाठी 1909 साली जर्मनीला गेले होते.

आपल्याकडचं ऊन फुकटचं आणि कडक, ही आर्वीकरांची सोय. पण उष्णता नि दमटपणात लेप दिलेला कागद अंधारातही हळूहळू पक्का होतो; वाळला की लगेच वापरा. आणि बायक्रोमेट विषारी, कर्करोगकारक आहे. हातमोज्यांशिवाय त्याला शिवू नका, पूड श्वासात जाऊ देऊ नका, उरलेलं पाणी नालीत ओतू नका. घरच्यांचा फोटो नंतर. पहिली निगेटिव्ह पट्टीचीच काढा.