काळी गोळी

१ ऑगस्ट २००४ला सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. कोल्हापूरचे हेलपाटे संपले होते. त्या हेलपाट्यांबरोबर काय सुटलं, ते फेब्रुवारी २०२५मध्ये बोचलं. मायक्रोसॉफ्टने अतिसंवाहक आणि अर्धसंवाहक जोडून केलेली ‘मायोराना १’ ही चिप जाहीर केली आणि ही जोडी कालच जन्मल्यासारख्या बातम्या आल्या.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. एच. पवारांच्या गटाने ती जोडी केव्हाच जमवली होती. चांदीवर पाऱ्याच्या अतिसंवाहकाचा थर, तोही विजेच्या प्रवाहाने द्रावणातून चढवलेला. त्यावर कॅडमियम सेलेनाइड. मग लाल लेसर टाकून गुण कसे बदलतात ते बघायचं. ते त्या चिपमागच्या ‘मायोराना’ अवस्थांच्या शोधात नव्हते, पण दोन पदार्थांचा शेजार काय करतो हाच त्यांचाही प्रश्न होता.

माझं शिकवण्याचं दशक नव्वदीचं. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी येणारा द्रव नायट्रोजन ओळखीने मिळे. तो थर्मासमध्ये घालून वर्गात आणायचा, वाटीत ओतायचा. यिट्रियमयुक्त अतिसंवाहकाच्या काळ्या गोळीभोवती आधी खदखद, मग शांतता. चिमट्याने सोडलेलं चुंबक अधांतरी थांबलं की मागच्या बाकावरची मुलं पुढे धावायची.

पुढची वर्षं नॅक, फायली आणि अहवालांत गेली. जगात मात्र बरंच घडत होतं. अतिसंवाहकाला चिकटलेल्या धातूत इलेक्ट्रॉनच्या जोड्या झिरपतात आणि शून्य ऊर्जेपाशी इलेक्ट्रॉनच्या अवस्थांच्या आलेखात सहसा खळगा पडतो. अतिसंवाहक वेगळ्या, त्रिक जातीचा असेल, तर अशुद्ध धातूतही तिथे शिखर उभं राहतं, हे तानाका आणि काशिवाया यांनी गणिताने मांडलं ते २००४मध्येच. पुढे त्याचं मायोराना अवस्थांशी नातं जुळलं. २०१२मध्ये डेल्फ्टच्या गटाने नॅनोतारेत शून्यापाशी शिखर मोजलं. मायोरानाबद्दलचा २०१८चा तिथलाच मोठा दावा मात्र २०२१मध्ये मागे घ्यावा लागला, कारण मोजमापांच्या मांडणीत पुरेशी काटेकोरता नव्हती; शिवाय साधे दोषही तसंच शिखर दाखवू शकतात. नव्या चिपवरही भौतिकशास्त्रज्ञांचं एकमत नाही.

हा वाद आमच्या मुलांना समजायला हवा होता. पण मी शिकवलं त्या महाविद्यालयात निवृत्तांच्या जागा भरल्या नाहीत, विभाग तासिका तत्त्वावर ढकलला आणि प्रयोगशाळेच्या अर्ध्या खोलीत परीक्षेचे गठ्ठे रचले. याला मी शिक्षण म्हणत नाही.

ती काळी गोळी अजून माझ्याकडे आहे. दमट हवा लागू नये म्हणून डबीत बंद ठेवली आहे. जिल्ह्यातल्या ज्या शिक्षकाला वर्गात दाखवायची असेल, त्याने घेऊन जावी. नायट्रोजनसाठी दवाखान्यात मी सोबत येईन.