‘काजी’ हा शब्द आणि तीन धर्मांतील विवाहविधी

आजच्या हिंगोली जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील मराठीस ‘काजी’ हा शब्द चांगला परिचित आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ न्यायनिर्णय करणारा. व्यवहारात मात्र निकाह लावणारा, हा अर्थ रूढ झाला. कोकणातील मराठीभाषक यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, हेही आपल्या धर्मप्रमुखांस ‘काजी’च म्हणत. हे काजी विवाह लावीत व जातीतील तंटे तोडीत. ख्रिस्ती धर्मगुरूस मात्र पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाद्री’ हा शब्द मिळाला. शब्दांची ही वाटणी इतिहासाने घडविली हे खरे. तथापि तिच्याशी जुळणारा एक भेद धर्मविधींतही आढळतो.

अरबी ‘शरिया’ म्हणजे पाणवठ्याकडे नेणारी वाट; हिब्रू ‘हलाखा’चा धातूही ‘चालणे’ ह्या अर्थाचा. ग्रीक ‘कॅनन’ म्हणजे मोजण्याची काठी. पहिल्या दोन परंपरांत मूळ ग्रंथांवरून विद्वानांनी प्रश्नोत्तररूपाने निर्णय दिले व त्यांतून विधी वाढला. कॅथलिक विधी परिषदांनी व पोपांनी घडविला. त्याच्या संहिता १९१७ व १९८३ मध्ये निघाल्या.

विवाहात हा भेद स्पष्ट होतो. इस्लामी व यहुदी विवाहांस कराराचे अंग आहे. एकात पत्नीस ‘मेहर’ देय असतो. दुसऱ्यात ‘केतुबा’ ह्या लेखाने तिची रक्कम ठरते. ‘केतुबा’ आणि आपला ‘किताब’ हे एकाच सेमिटिक धातूचे, हेही लक्षात घ्यावे. कॅथलिक मतानुसार दोन बाप्तिस्मा झालेल्यांचा विवाह हा संस्कार होय. तो विधिवत् होऊन पूर्णत्वास गेला की मृत्यूवाचून सुटत नाही.

म्हणून तिन्ही ठिकाणी सरसकट ‘घटस्फोट’ लिहिणे धोक्याचे आहे. ‘तलाक’ पतीने उच्चारावयाचा. एका दमात दिलेला त्रिवार तलाक भारतात २०१९ च्या कायद्याने निरर्थक व दंडनीय ठरला. यहुदी ‘गेट’ हे पतीने पत्नीच्या हाती द्यावयाचे पत्र. ते त्याने अडवून ठेवल्यास ती ‘अगुना’, म्हणजे बांधलेली, राहते आणि धर्मविधीने तिला पुनर्विवाह करता येत नाही. कॅथलिक न्यायपीठ बहुधा विवाह मोडीत नाही. तो मुळातच वैध नव्हता, एवढेच जाहीर करते. पहिल्या दोहोंत झालेले लग्न संपते, तिसऱ्यात ते झालेच नव्हते असे ठरते. अर्ज वा निकाल मराठीत आणणाऱ्याने हे तीन शब्द एक केले, तर स्त्रीस नेमके काय मिळाले आणि काय नाकारले गेले, हेच वाचकास कळणार नाही. भाषांतरकाराने मूळ शब्द ठेवून त्याचा अर्थ सांगावा, हे इष्ट.