चिखलाचे टायर, डांबराचं बिल

नवी फोर बाय फोर दारात आली, पूजा झाली, पेढे वाटून झाले, की मालकाची नजर चाकांवर जाते. कंपनीने दिलेले टायर त्याला एकाएकी किरकोळ वाटायला लागतात. थार असो, जिम्नी असो नाहीतर जुनी बोलेरो, मोठमोठ्या ठोकळ्यांचे, दांडगे टायर गाडीला चढतात. फोटो निघतात. दोन-तीन टाक्या संपल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "ॲव्हरेज किती पडलं?" आणि मग उत्तरांना तोटा नसतो. एक म्हणतो, काडीचाही फरक नाही. दुसरा म्हणतो, लिटरमागे तीन किलोमीटर गेले. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. घोळ बऱ्याचदा मोजण्यात असतो.

पण आधी इंधन जातं कुठे ते पाहू. लांबचा पल्ला मारून गाडी थांबवलीत की टायरच्या बाजूच्या भिंतीला हात लावून बघा. डिसेंबरच्या रात्रीसुद्धा ती कोमट लागते. ही ऊब तुम्ही पंपावर पैसे मोजून भरलेल्या पेट्रोल-डिझेलची आहे. चाक फिरताना रबराचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकला की दबतो आणि सुटला की पूर्ववत होतो. जिम्नीच्या मूळ टायरच्या बाबतीत ताशी 80 किलोमीटरला हे सेकंदाला दहा वेळा घडतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, काही उष्णता म्हणून घालवतं. लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडताना ती बोटांना चटका देते, तसंच हे. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

आता दुकानात दोन टायर शेजारी ठेवा, एक साधा हायवेचा आणि एक मड टेरेन, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत एमटी. हायवे टायरच्या नव्या नक्षीची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. मधल्या जातीच्या ऑल टेरेनची, म्हणजे एटीची, दहा-बारापर्यंत जाते आणि एमटी त्याहूनही खोल. ठोकळे उंच, एकमेकांपासून सुटे. रस्त्यावर टेकताना असा प्रत्येक ठोकळा दबतो, थोडा तिरका होतो, मग सुटतो. शिवाय दगडांनी भिंत फाटू नये म्हणून आत जादा थर घातलेले असतात. तोच टायर उचलून पाहा, किलोंचा फरक मनगटाला कळेल. जितकं रबर जास्त, तितकं ते गरम करायला इंधन जास्त, इतका हा सरळ हिशोब आहे. त्यातून काप आणि टवके सोसणारं रबर बनवताना ऊर्जा वाचवण्याचा गुण बहुधा मागे पडतो. मिशेलिनने 1992 मध्ये काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घालून कमी इंधन खाणारे टायर बाजारात आणले, पण तो सगळा विचार डांबरी रस्त्याचा होता, खडकाचा नव्हता.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. टायर झिजत जातो तसं ॲव्हरेज सुधारतं, कारण दबायला रबरच कमी उरतं. म्हणजे निव्वळ इंधनाच्या दृष्टीने गोटा झालेला टायर सगळ्यात गुणी! अर्थात आपल्या नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर बाद. आणि पावसाळ्यात वरंध घाट उतरणाऱ्याला हे कुणी नियमातून सांगायची गरज नाही. पण याचा एक उपयोग आहे. जुने, झिजलेले हायवे टायर काढून नवेकोरे एटी घातले आणि ॲव्हरेज पडलं, तर त्यातला काही भाग फक्त नवेपणाचा असतो. नवे हायवे टायर घातले असते तरी थोडं पडलंच असतं.

किती पडतं, याचा एक जुना अंदाज अजूनही टिकून आहे. अमेरिकेतल्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने 2006 मध्ये टायर आणि इंधन यांवर अहवाल काढला. त्याचं सार असं की रोलिंग रेझिस्टन्स 10 टक्क्यांनी बदललं तर इंधनाचा खर्च एक ते दोन टक्क्यांनी बदलतो. एटी टायरचं रेझिस्टन्स मूळ टायरपेक्षा 30 टक्के जास्त धरा, तर फटका तीन ते सहा टक्क्यांचा. 15 चं ॲव्हरेज देणारी गाडी सव्वाचौदावर येईल. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरणाऱ्याला 800 ऐवजी 842 लिटर लागतील. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाचे 4,200. एमटीने दहा टक्के खाल्ले, तर साधारण 8,900. टायरच्या सेटची किंमत आणि डांबरावर एमटी किती लवकर झिजतात हे पाहिलं, तर इंधनाचा आकडा खरं म्हणजे दुय्यम आहे. लोक मात्र रडतात ते इंधनावरून, कारण टायरचं बिल तीन-चार वर्षांनी येतं आणि पंपाचं दर आठवड्याला.

मग लिटरमागे तीन-तीन किलोमीटर गेल्याच्या कहाण्या कुठून येतात? बऱ्याचशा मापातून. टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचा. जिम्नीला कंपनीकडून 195/80 आर 15 येतो, म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के आणि रिम 15 इंची. गुणाकार-बेरीज केली की चाकाची उंची 693 मिलिमीटर भरते. हौशी मंडळी त्या जागी 235/75 आर 15 घालतात, ती उंची साधारण 733. फरक जवळजवळ सहा टक्क्यांचा. गाडीला हा बदल ठाऊकच नसतो. तिचं मीटर चाकाचे फेरे मोजतं आणि प्रत्येक फेरा जुन्या घेराचाच समजतं.

समजा तुमचं आधीचं ॲव्हरेज 15 होतं. नवे मोठे टायर घालून टाकी फुल केलीत, मीटरवर 400 किलोमीटर झाले आणि पुन्हा फुल करताना 30 लिटर बसलं. भागाकार 13.3, म्हणजे अकरा टक्के घट. छातीत धस्स! पण गाडी प्रत्यक्षात 423 किलोमीटर चालली आहे. खरं ॲव्हरेज 14.1, घट सहा टक्क्यांची. उरलेला तोटा कागदावरचा. टायर बदलल्यावर फोनच्या जीपीएसवर पन्नासेक किलोमीटर मोजून मीटरशी ताळा घ्यावा आणि येणाऱ्या गुणकाने पुढचे सगळे आकडे गुणावेत. हाच घोळ वेगातही होतो. कंपनीकडून आलेले स्पीडोमीटर साधारणपणे खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतात, पण घेर सहा टक्क्यांनी वाढला की ही सूट खलास होते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मोटारीला सपाटीत 100 आणि घाटात 60 ची मर्यादा आहे, आणि कॅमेऱ्याला तुमच्या टायरचं माप सांगता येत नाही.

मोठ्या चाकाने गियरचं गणितही बदलतं. घेर वाढला की प्रत्येक गियर थोडा 'उंच' होतो. सपाटीवर इंजिन किंचित सावकाश फिरतं, ते बरंच. पण घाटात जिथे तिसऱ्यावर चढत होती तिथे आता दुसरा टाकावा लागतो. "गाडी ओढत नाही" ही तक्रार इथली. त्यात टायरचं वजन चाकाच्या अगदी कडेला असतं. ते पुढेही न्यायचं आणि फिरवायचंही, म्हणून वेग घेताना कडेचा एक किलो गाडीत ठेवलेल्या जवळपास दोन किलोंइतका जड पडतो. शहरात, सिग्नलमागून सिग्नल, हे जाणवतं. मोकळ्या रस्त्यावर ते विसरलं जातं, पण तिथे हवा आडवी येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि रुंद टायर, उंच केलेली गाडी, वर कॅरियर ही सगळी सजावट त्याला हातभार लावते. 70 ने चालवणारा आणि 110 ने चालवणारा एकाच टायरबद्दल वेगळं सांगतात ते म्हणूनच. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला आकडा, उदाहरणार्थ मॅन्युअल जिम्नीचा 16.94, रोलरवर, ठरावीक चक्रात आणि मूळ टायरवर काढलेला असतो. सजवलेल्या गाडीने त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

इथवर सगळं डांबराच्या बाजूने झालं. डांबर सोडलं की वही उलटी होते. काँक्रीटवर चाक लोटायला गाडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का इतकाच जोर लागतो, सुक्या मोकळ्या वाळूत तोच वीस-तीस टक्क्यांवर जातो. टायर रुततो आणि स्वतःच केलेल्या खड्ड्यातून सतत वर चढत राहतो. तिथे रबराची उष्णता वगैरे गौण, रुतणं किती ते महत्त्वाचं. ते कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवा कमी करणं. टायर लांबट पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो. ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड 1920-30 च्या दशकांत फोर्डच्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडला तो हेच तंत्र वापरून. पेट्रोल बरोबर वाहून न्यायचं असल्याने त्याला थेंबाथेंबाचा हिशोब होता. पुढे 1940 मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला, तो याच अनुभवाच्या जोरावर. (हे वाचून कोकणच्या पुळणीवर गाडी घालू नका. भरती कुणाची थार ओळखत नाही, आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात.)

चिखलाची गोष्ट आणखी वेगळी, कारण चिखल एक नाही. मराठवाड्या-विदर्भातली काळी माती पावसात टायरला अशी चिकटते की एटीची बारीक नक्षी दोन फेऱ्यांत भरून जाते आणि टायर गुळगुळीत होऊन जागेवर फिरत बसतो. जागेवर फिरणाऱ्या चाकाचं ॲव्हरेज शून्य. इथे एमटीच्या रुंद फटी कामाला येतात, त्या माती झटकून टाकतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरच्या तिरप्या पट्ट्यांमागेही तोच विचार आहे. उलट कोकणातल्या सड्यावर किंवा सह्याद्रीतल्या मुरमाड वाटेवर, जिथे वरचा थर पातळ आणि खाली कठीण, तिथे अरुंद टायर तो थर कापून तळ गाठतो. महिंद्रने 1947 पासून मुंबईत जोडलेल्या विलिस जीपचे टायर जेमतेम सहा इंच रुंद होते. त्या जीप कुठे कुठे गेल्या ते आपल्याला माहीत आहे. आजची रुंद टायरची हौस पुष्कळ अंशी फोटोसाठी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा प्रश्न वर्षातल्या किलोमीटरांचा. शेतावर, खाणीवर, धरणाच्या कामावर रोज जाणाऱ्याने एमटी घ्यावेत आणि ॲव्हरेजचा विचार सोडावा. महिन्यातून एखादा रविवार किल्ल्याच्या पायथ्याशी जाणाऱ्याला मूळ मापातला साधा एटी पुष्कळ झाला. कंपनीने मान्य केलेलं माप सोडलं की विमा आणि आरटीओचीही कटकट मागे लागू शकते. भारतात 2022 च्या अधिसूचनेने टायरच्या रोलिंग रेझिस्टन्सला, ओल्या रस्त्यावरच्या पकडीला आणि आवाजाला मानकं लागू झाली. युरोपात 2012 पासून टायरवर इंधनाच्या श्रेणीचं लेबल असतं, पण खास ऑफ-रोडचे व्यावसायिक टायर त्या लेबलातून वगळलेले आहेत.

सवयींमध्ये सगळ्यात महागडी म्हणजे वाळू-चिखलासाठी सोडलेली हवा परत न भरणं. अमेरिकी ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा की चारही टायरमध्ये एक पीएसआय हवा कमी असली तर इंधन 0.2 टक्के जास्त जातं. 30 वरून 18 वर आणून तसेच घरी आलात तर अडीच टक्के गेले, आणि एवढ्या कमी हवेवर वेगाने चालवलेला टायर तापून फुटू शकतो, ते वेगळंच. डिकीत बारा व्होल्टचा कंप्रेसर हवाच. एलटी, म्हणजे लाइट ट्रक, छापाच्या जाड टायरला हवा किती, हे पंक्चरवाल्याच्या अंदाजावर न सोडता टायरनिर्मात्याच्या तक्त्यात बघावं. मूळ टायरचा जुना आकडा त्याला कमी पडू शकतो.

आणि स्टेपनी. चार टायर मोठे घेऊन पाचवा जुन्या मापाचा ठेवणारे खूप असतात. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा घेर सारखा नसेल आणि पकडीच्या रस्त्यावर फोर-हाय लावलंत, तर ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो. तिच्या दुरुस्तीचं बिल आलं की इंधनाचा सगळा हिशोब चिल्लर वाटेल. पाचवा टायर त्याच दिवशी, त्याच मापाचा घ्यावा.