इलेक्ट्रॉनने प्रथिन तोडतात म्हणजे नेमकं काय करतात?

घाटकोपर-मुलुंडकडच्या कॉलेजांतून एम.एस्सी. रसायन केलेल्या कुणालाही मॅकलॅफर्टी हे नाव नवं नाही. ‘मॅकलॅफर्टी रिअरेंजमेंट’ परीक्षेत हमखास लिहावी लागते. आणि पहिला गैरसमज तिथूनच निघतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे रेणू तोडून तुकड्यांचं वजन मोजण्याच्या, पाठ्यपुस्तकातल्या पद्धतीत छोट्या रेणूवर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन सोडतात. तो रेणूतलाच एक इलेक्ट्रॉन उडवतो आणि रेणू फुटतो. औषध कंपन्यांतली जीसी-एमएस यंत्रं आजही हेच करतात. त्यामुळे ‘इलेक्ट्रॉन कॅप्चर डिसोसिएशन’, म्हणजे ईसीडी, हाही तसाच मारा असेल असं वाटतं.

प्रकार जवळजवळ उलटा आहे. इथला इलेक्ट्रॉन अगदी संथ, साधारण ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही खालचा. अनेक धनभार घेतलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, त्याला पकडतं, त्याचा एक भार कमी होतो, ते अस्थिर रॅडिकल बनतं आणि कण्यातला नायट्रोजन व अल्फा-कार्बन यांच्यामधला बंध तुटतो. झुबारेव्ह, केलेहर आणि मॅकलॅफर्टी यांनी हे १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मांडलं. होय, तेच मॅकलॅफर्टी, वयाच्या पंचाहत्तरीत!

‘कसंही तोडा, तुकडे तेच’ हेही खरं नाही. नेहमीच्या पद्धतीत पेप्टाइड वायूच्या रेणूंवर आपटतं, ऊर्जा सगळीकडे पसरते आणि सर्वांत कच्चा बंध आधी जातो. गजरा झटकला की दोरा शाबूत राहतो, फुलं गळतात, तसं. सेरीनवरचा फॉस्फेट गट ९८ डाल्टनचं फॉस्फोरिक आम्ल होऊन निघून जातो आणि तो नेमका कुठे बसला होता हे सांगणं अवघड होतं. साखरेच्या साखळ्यांचंही तेच. इलेक्ट्रॉनच्या वाटेने कणा तुटतो, फॉस्फेट बहुतेकदा जागेवरच राहतो. असं का घडतं यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही, पण पद्धत कामाला येण्यासाठी तो मिटावा लागला नाही.

तिसरी समजूत मात्र जुन्या जाणत्यांतही आढळते: वजन सारखं असेल तर मास स्पेक्ट्रोमीटर हतबल. पेप्टाइडच्या साखळीत ल्युसीन आणि आयसोल्युसीन दोन्ही ११३.०८ डाल्टनचे, त्यामुळे साध्या मोजणीत ते वेगळे दिसत नाहीत. इलेक्ट्रॉनची ऊर्जा १० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास नेली की बाजूची साखळीही तुटते. मग ल्युसीनकडून ४३ डाल्टन गळतात, आयसोल्युसीनकडून २९. औषध उद्योगाला याहून मोलाचा फरक ॲस्पार्टिक आणि आयसोॲस्पार्टिकचा. अँटिबॉडीचं औषध साठवणीत जुनं होताना अॅस्पॅराजिनपासून हे दोन्ही तयार होतात आणि त्यांचं वजन तंतोतंत एक असतं. आयसोॲस्पार्टिकचा कणा मात्र वेगळ्या जागी तुटतो आणि वर्णपटात नेहमीच्या तुकड्याहून ५७ डाल्टनने हलका तुकडा उमटतो.

सगळ्यांत खर्चिक गैरसमज म्हणजे ‘नवीन आहे, म्हणजे सरस’. ईसीडीला सुरुवातीला महागडा अतिवाहक चुंबक लागायचा. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या हंट यांच्या गटाने २००४ मध्ये अँथ्रासिनच्या ऋण आयनाकडून इलेक्ट्रॉन देण्याची ‘इलेक्ट्रॉन ट्रान्स्फर डिसोसिएशन’, म्हणजे ईटीडी, ही युक्ती काढली आणि तंत्र साध्या आयन-सापळ्यांत आलं. पण ट्रिप्सिनने कापलेल्या छोट्या पेप्टाइडांवर बहुधा दोनच भार असतात. त्यांत इलेक्ट्रॉन शिरला तरी तुकडे एकमेकांना चिकटून राहतात. प्रोलीनच्या आधीचा बंध तुटला, तर त्याचं कडंच दोन्ही तुकडे धरून ठेवतं. वेळही जास्त लागतो.

मग कोणती पद्धत कधी वापरायची? पवईला आयआयटी मुंबईत संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने कस्तुरबा रुग्णालयातल्या कोविड रुग्णांच्या प्लाझ्मातली प्रथिनं तपासली. आजार गंभीर होताना कोणतं प्रथिन वाढतं, कोणतं घटतं, हा तिथला प्रश्न. त्यासाठी हजारो पेप्टाइडं भराभर ओळखावी लागतात आणि तिथे वायूच्या रेणूंशी होणारी नेहमीची टक्करच हवी. साखर किंवा फॉस्फेट कुठल्या अमिनो आम्लावर आहे असं विचारायचं असेल, किंवा अख्खं प्रथिन न कापता वाचायचं असेल, तेव्हा इलेक्ट्रॉनचा पर्याय पैसे वसूल करून देतो. दोन्ही पाहिजे असतील तर ईटीडीनंतर लगेच टक्कर घडवणारी संयुक्त पद्धतही २०१२ पासून उपलब्ध आहे.