प्रतीक्षेचा बंदोबस्त

सर्व्हर म्हटला की रात्रंदिवस खपणारे, क्षणाचीही उसंत नसलेले यंत्र अशी कल्पना सामान्यतः मनात येते; आणि ज्यांनी तो केवळ दुरून वापरला आहे, त्यांच्या दृष्टीने ती स्वाभाविकही आहे. परंतु ज्या सर्व्हरशी एका वेळी हजारो लोक जोडलेले असतात, त्याचे अंतरंग काही काळ निरखून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, त्या हजारोंपैकी बहुतेक जण कोणत्याही एका क्षणी काहीच मागत नसतात. कोणी आलेले पान वाचीत असतो, कोणी फोन खिशात ठेवून चाललेला असतो, तर कोणाची अर्धी मागणी मार्गात असते आणि उरलेली अर्धी अद्याप निघालेलीच नसते. या सर्वांच्या वतीने सर्व्हर वाट पाहत असतो. ही वाट कोणी पाहावयाची, कशी पाहावयाची आणि तिचा खर्च किती येऊ द्यावयाचा, या प्रश्नाची तड लावणे हेच अशा सर्व्हरच्या रचनेतील मुख्य काम आहे, असे या व्यवसायात राहून माझे मत झाले आहे.

जुनी पद्धत सरळ होती. येणाऱ्या प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रोसेस, किंवा पुढे पुढे एक थ्रेड, नेमून द्यावयाचा आणि आरंभापासून अखेरपर्यंत त्याने त्या एकाच ग्राहकाकडे पाहावयाचे. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अपाची सर्व्हरने याच पद्धतीवर आरंभीच्या वेबचा फार मोठा भार वाहिला. आणि समजण्यास ती आजही सर्वांत सोपी आहे, कारण तीत प्रोग्राम वरून खाली वाचावा तसाच चालतो: मागणी वाचली, उत्तर शोधले, उत्तर पाठविले, जोडणी मिटविली. परंतु मामलेदार कचेरीत येणाऱ्या प्रत्येक अर्जदारामागे एकेक कारकून नेमावा, आणि अर्जदार कोर्ट फीचा स्टँप आणावयास बाजारात गेला असताही त्या कारकुनाने दुसऱ्या कोणाचा कागद हाती न घेता दाराकडे पाहत बसून राहावे, अशी ही व्यवस्था होय. अर्जदार पन्नास असतील तोवर ती निभते. लिनक्सवर साधारणतः एका थ्रेडच्या स्टॅकसाठी 8 मेगाबाइटांचा पत्ता-अवकाश राखून ठेवला जातो. तो सगळा वापरला जात नाही हे खरे, परंतु 32 बिटांच्या यंत्रात एका प्रोसेसच्या वाट्यास येणारा पत्ता-अवकाशच मुळी 4 गिगाबाइटांहून अधिक नसल्यामुळे, काही शेकडा थ्रेड होतात न होतात तोच जागा सरे. शिवाय एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाताना प्रोसेसरला करावी लागणारी आवराआवर वाढत जाऊन, मूळ कामापेक्षा व्यवस्थेचाच खर्च अधिक व्हावयास लागे.

1999 साली डॅन केगेल या अमेरिकन प्रोग्रामरने हा प्रश्न ‘सी-टेन-के’, म्हणजे दहा हजार ग्राहकांचा प्रश्न, या नावाने जगापुढे मांडला. त्याचे म्हणणे असे की, यंत्रे आता पुरेशी समर्थ झाली आहेत. अपुरी आहे ती आपली रचना. त्याने केलेला हिशेब मला फार आवडतो, कारण त्यात भागाकारापलीकडे काही नाही. 1000 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 2 गिगाबाइट स्मृती आणि सेकंदास 1000 मेगाबिट वाहून नेणारे नेटवर्क कार्ड एवढे असलेले यंत्र 20,000 ग्राहकांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्यास 50 किलोहर्ट्झ, 100 किलोबाइट आणि सेकंदास 50 किलोबिट येतात; आणि डिस्कवरून चार किलोबाइट उचलून सेकंदाला एकदा ते एका ग्राहकाकडे पाठविण्यास याहून अधिक काय लागावे?

अडचण होती ती वाट पाहण्याच्या साधनात. 1983 सालच्या बर्कली युनिक्समध्ये आलेल्या सिलेक्ट या सोयीने एका प्रोसेसला अनेक सॉकेटांवर, म्हणजे जोडण्यांच्या आपल्याकडील टोकांवर, एकदम लक्ष ठेवता येई. परंतु दर खेपेस सर्व सॉकेटांची यादी कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, हाती नव्याने द्यावी लागे, कर्नल ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपाशी, आणि परत आलेली यादी प्रोग्रामलाही पुन्हा तशीच चाळावी लागे. यादीची मर्यादाही बहुधा 1024. जोडण्या दहा हजार आणि त्यांतील बोलणारे वीस, अशा स्थितीत त्या विसांसाठी दहा हजार दारे ठोठावण्याचा हा प्रकार सेकंदातून शेकडो वेळा घडावा, यात जाणारा वेळ सर्वस्वी वाया होता. 2000 साली जोनाथन लेमन याने फ्रीबीएसडीमध्ये केक्यू आणले आणि 2002 साली दाविदे लिबेंझी याने लिनक्ससाठी एपोल रचले. दोहोंतील मूळ विचार एकच. कोणत्या सॉकेटांत रस आहे याची नोंद कर्नलपाशी एकदाच करून ठेवावयाची. पुढे नेटवर्क कार्डातून एखाद्या सॉकेटचे पॅकेट आले की कर्नलने त्याच वेळी ते सॉकेट ‘तयार’ या निराळ्या यादीत घालावयाचे. आणि प्रोग्रामने विचारताच केवळ ती छोटी यादी त्याच्या हाती ठेवावयाची. काम एकूण जोडण्यांच्या प्रमाणात न वाढता बोलणाऱ्यांच्या प्रमाणात वाढू लागले, हेच या बदलाचे सारे मर्म आहे. इगोर सिसोयेव या रशियन अभियंत्याने 2004 साली प्रसिद्ध केलेला एंजिन-एक्स सर्व्हर याच पायावर उभा राहिला; आणि 2012 पर्यंत व्हॉट्सॲपच्या मंडळींनी अर्लांग भाषा व फ्रीबीएसडी यांच्या साहाय्याने एकाच यंत्रावर वीस लाख जोडण्या धरून दाखविल्या.

या कामात नव्याने येणाऱ्या तरुणांस मी पुस्तक हाती देण्यापूर्वी चालू सर्व्हर दाखवितो. त्याच्या प्रोसेसवर एस-ट्रेस नावाचे साधन लावले, म्हणजे ती कर्नलपाशी जी जी विनंती करते ती ओळीओळीने पडद्यावर उमटू लागते. ओळ येते एपोल-वेट, आणि अर्धवटच थांबते. प्रोसेस निजलेली आहे, तिला प्रोसेसरचा कणही नको आहे. मग ती ओळ पुरी होते आणि शेवटी आकडा दिसतो, 3. तीन सॉकेटांवर काही घडले आहे. पहिले म्हणजे नव्यांचे स्वागत करणारे सॉकेट. तेथे ॲक्सेप्ट होते, आलेल्या जोडणीस 57 हा क्रमांक मिळतो, तो एपोलच्या नोंदीत दाखल होतो, पुन्हा ॲक्सेप्ट केला जातो, आणि या खेपेस उत्तर येते ई-अगेन: सध्या आणखी कोणी नाही. दुसरे 23 क्रमांकाचे. रीड केले, 412 बाइट आले, लागलीच राइट, उत्तर गेले. तिसरे 41, रीडचे उत्तर शून्य, म्हणजे पलीकडच्याने आपली बाजू मिटली, म्हणून क्लोज. आणि पुन्हा एपोल-वेट, पुन्हा अर्धवट ओळ. हे सारे पापणी लवण्याच्या आत उरकते. मुलांचे लक्ष बहुधा मधल्या धावपळीकडे असते. मी त्यांना त्या अर्धवट ओळीकडे पाहावयास सांगतो.

या रचनेचा एक नियम मात्र अतिशय कडक आहे. सर्वांसाठी वाट पाहणारा एकच असल्यामुळे त्याने कोणा एकासाठी अडून राहता कामा नये. प्रत्येक सॉकेट न अडणारे असे ठरवून घ्यावे लागते, हे सगळेच जाणतात. अडथळे येतात ते नजरेआडच्या वाटांनी. नावावरून पत्ता शोधणारी साधी हाक पलीकडचा नेम-सर्व्हर मंद असला की कित्येक सेकंद परतत नाही. डिस्कवरील फाइल एपोलच्या नोंदीत घेताच येत नाही, आणि ती वाचताना डिस्क गुंतलेली असली तर एपोल-वेटभोवती फिरणारा सगळा लूप तिष्ठत राहतो. म्हणून अशी कामे निराळ्या थ्रेडांच्या हवाली करून त्यांचा निकाल निरोपाच्या रूपाने परत मागविण्याची तजवीज आरंभीच करावी. 2019 साली लिनक्समध्ये दाखल झालेल्या आयओ-युरिंगने डिस्क व नेटवर्क या दोहोंना एकाच रांगेत आणून ही विषमता पुष्कळशी दूर केली आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

दहावीचा निकाल जाहीर होण्याच्या मिनिटास किंवा तत्काळ तिकिटे खुली होतात त्या सकाळी दहाच्या ठोक्यास जसा लोंढा येतो, तसा लोंढा आला असता काय करावयाचे, याचाही निर्णय आधीच झालेला असावा लागतो. एका संस्थेच्या निरोपांच्या सर्व्हरवर असा प्रसंग मी जवळून पाहिला. जोडण्या एका ठरावीक आकड्यापुढे जात नव्हत्या, निरोप पोहोचत नव्हते, आणि एरवी बहुतांशी निजलेला प्रोसेसर मात्र पूर्ण भरून वाहत होता. एस-ट्रेस लावल्यावर पडद्यावर दोनच ओळी आलटून पालटून धबधब्यासारख्या कोसळू लागल्या: एपोल-वेट, ॲक्सेप्ट, एपोल-वेट, ॲक्सेप्ट, आणि प्रत्येक ॲक्सेप्टपुढे ई-एम-फाइल. प्रत्येक जोडणीस कर्नल एक फाइल डिस्क्रिप्टर देते, आणि एका प्रोसेसने किती घ्यावेत याची मर्यादा कोणी न बदलल्यास पुष्कळ ठिकाणी 1024 असते. ती संपली होती. दाराशी उभ्या असलेल्या जोडणीस आत घेता येईना, आणि ती रांगेत तशीच असल्यामुळे कर्नल दर खेपेस तत्परतेने सांगे की दाराशी कोणी आले आहे. या व्यर्थ फेऱ्यांत, आधी आत आलेल्यांकडे पाहण्यासही सवड उरली नव्हती.

मर्यादा वाढविणे हा उपाय उघड आहे, आणि तो केलाही. परंतु मर्यादा कितीही वाढविली तरी ती कोठे तरी असणारच. यावर जुन्या जाणत्यांची एक युक्ती आहे, ती मला फार मार्मिक वाटते. सर्व्हर सुरू होतानाच डेव्ह-नल ही रिकामी फाइल उघडून एक डिस्क्रिप्टर राखून ठेवावयाचा. ई-एम-फाइल आले की ती फाइल मिटावयाची. त्यायोगे एक जागा मोकळी होते. त्या जागेवर आलेली जोडणी स्वीकारून तत्क्षणी बंद करावयाची, आणि राखीव फाइल पुन्हा उघडून ठेवावयाची. येणाऱ्यास नकार मिळतो, पण स्पष्ट व त्वरित मिळतो, आणि त्यास दुसऱ्या सर्व्हरकडे जाण्याची मोकळीक राहते. उत्तर न देता एखाद्यास रांगेत ताटकळत ठेवणे हा माझ्या मते नकाराहून कठोर व्यवहार होय.

दुसरा बिकट भाग म्हणजे न सांगता निघून गेलेले लोक. कोकण रेल्वेने प्रवास करणारा एखादा गृहस्थ रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात शिरतो आणि त्याच्या फोनचा संपर्क तुटतो. टीसीपीच्या दृष्टीने त्याने जोडणी मिटविलेली नसते, कारण मिटविल्याचे पॅकेट कोणी पाठविलेलेच नसते. सर्व्हरच्या दप्तरी ती जोडणी शाबूत दिसते. लिनक्सची स्वतःची कीप-अलाइव्ह चौकशी, ती चालू केली असली तरी, मूळ ठरावाप्रमाणे दोन तासांच्या शांततेनंतर सुरू होते. आणि सर्व्हरने काही पाठविले असल्यास पुन्हा पुन्हा पाठवून पाहण्यात सुमारे पाव तास जातो. म्हणून प्रत्येक जोडणीस स्वतःची मुदत लावणे आणि ठरावीक काळाने एक लहानसा ठोका देऊन उत्तर अजमावणे, हे सर्व्हरनेच केले पाहिजे. बोगद्यातील गृहस्थाहून मंद वाचणारा ग्राहक अधिक महाग पडतो. त्याच्याकडे जाणारा बफर भरला की राइट अर्धेच होते. उरलेले बाइट सांभाळून ठेवणे तर भागच आहे, पण त्याच वेळी त्याच्यासाठी मागून येणारा मजकूर वाचणेही थांबविले पाहिजे, नाही तर एकेका मंद वाचकापायी स्मृती भरत जाऊन सगळेच बुडतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या स्लोलोरिस या हल्ल्याने हीच गोष्ट दुष्ट हेतूने करून दाखविली: मागणीची शीर्षके अत्यंत सावकाश, कधीच पुरी न होतील अशी पाठवीत राहावयाचे, म्हणजे जोडणीगणिक थ्रेड नेमणारा मोठा सर्व्हरही एका सामान्य यंत्राकडून अडवला जातो.

सर्व्हर बंद करण्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी केला जातो, आणि तो तसा करू नये. एंजिन-एक्सला नवी व्यवस्था वाचावयास सांगितली, म्हणजे मुख्य प्रोसेस नवे कामगार उभे करते आणि जुन्यांना सांगते की, नवीन कोणास घेऊ नका, हाती असलेल्यांचे काम पुरे करून मग जा. वेबपाने देणाऱ्या सर्व्हरवर जुने कामगार अल्पावधीत निघून जातात. निरोपांच्या सर्व्हरवर जोडण्याच दिवसदिवस टिकणाऱ्या असल्याने ते निघता निघत नाहीत, आणि त्यांस मुदत घालून द्यावी लागते. ती मुदत संपताच उरलेल्या जोडण्या एकदम तुटतात, आणि ते सर्व फोन त्याच क्षणी परत जोडू पाहतात. निवांत जोडणी सांभाळणे स्वस्त. परंतु नवी जोडणी करताना टीएलएसच्या कुलूपकिल्ल्यांचे गणित प्रोसेसरला दर वेळी नव्याने करावे लागते. म्हणून फोनातील प्रोग्रामच असा लिहावा लागतो की, जोडणी तुटल्यावर त्याने मनास येईल तेवढे, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत, थांबावे, आणि पुन्हा अपयश आले तर ती मर्यादा दुप्पट करावी. एक लाख फोन एकाच सेकंदात न येता पाच मिनिटांवर पसरले, तर सेकंदास सुमारे 333 येतात. आणि एवढ्यांना साधे यंत्रही सहज आत घेऊ शकते.